प्रश्न विरोधी बाकावरचा, उत्तर मात्र आम्हा सर्वांना हवे : गोवा विधानसभेच्या माननीय सभापतींना खुले पत्र

माननीय सभापती महोदय,
गोवा विधानसभा, पर्वरी.

सादर नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातला एक बागायतदार आहे. काजूची लागवड आणि घराशेजारचे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) यांवर आमचा संसार चालतो. मी कोणत्याही पक्षाचा सदस्य नाही आणि हे पत्र कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेले नाही. आमच्या जमिनींविषयी एका विरोधी आमदाराने विधानसभेत विचारलेल्या प्रश्नाला जे लेखी उत्तर मिळाले, ते वाचल्यावर गप्प बसणे मला अशक्य झाले. ते उत्तर सभागृहाच्या पटलावर, म्हणजे जनतेसमोर ठेवलेले आहे. म्हणून त्याविषयीची तक्रारही मी जनतेसमोर करतो आहे.

आधी या विषयाशी माझा संबंध काय, ते सांगतो. सत्तरीत आणि पेडण्यात आल्वारा आणि मोकासो या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जमिनी आहेत. पोर्तुगीज राजवटीपासून चालत आलेल्या या व्यवस्थेत ज्यांनी डोंगरउतारावरची झुडपे काढून काजू लावले, त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही त्याच जमिनी कसतात, परंतु कागदोपत्री मालकी त्यांच्याकडे नाही. आमच्या घराचीही हीच स्थिती आहे. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा काढला की कब्जेदाराच्या रकान्यात सरकारचे नाव येते. आजोबांनी लावलेली झाडे आणि वडिलांनी खणलेली विहीर यांचा त्या कागदावर मागमूस नाही. त्यामुळे बँकेत गेले तर तारण म्हणून दाखवायला काही नसते आणि शेतीच्या योजनेचा अर्ज पहिल्याच कागदापाशी अडतो. जानेवारी 2021 मध्ये सत्तरीतल्याच शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जमीन मोजणीवरून जो संघर्ष पेटला आणि ज्यामुळे अखेर सरकारला तो प्रकल्प तेथून हलवण्याचा निर्णय घ्यावा लागला, त्याच्या मुळाशीही मालकीचा हाच न सुटलेला प्रश्न होता.

आमच्यापैकी काही शेतकऱ्यांनी मिळून एका विरोधी आमदाराला निवेदन दिले आणि त्यांनी त्याच्या आधारे अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा प्रश्न दाखल केला. प्रश्नाचे चार भाग होते. मालकी हक्कासाठी आलेले किती अर्ज प्रलंबित आहेत, त्यांची गाववार यादी काय, आजवर किती अर्ज निकाली निघाले आणि उरलेल्यांचा निकाल लावण्यास सरकारने कोणती मुदत ठरवली आहे, एवढेच त्यात विचारले होते. उत्तराचा कागद मी स्वतः पाहिला. डाव्या बाजूला चारही भाग नीट टंकलेले आहेत आणि उजव्या बाजूला चौघांना मिळून एकच ओळ आहे: ‘माहिती गोळा करण्यात येत आहे.’ अधिवेशन संपले, परंतु ती माहिती काही आली नाही.

महोदय, असे उत्तर एखाद्या वेळी प्रामाणिक असू शकते, हे मी मान्य करतो. जुने दप्तर चाळावे लागते, अनेक कचेऱ्यांतून आकडे मागवावे लागतात. पण हे अर्ज आम्ही खात्याच्याच खिडकीवर दिले, त्यांवर आवक क्रमांक पडले, पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत आमच्या घरी आहे. ज्याची नोंद आवक वहीत आहे, ते मोजून सांगायला अधिवेशन अपुरे पडावे हे मला पटत नाही. त्याहून जास्त सलणारी बाब ही की, तो प्रश्न त्या आमदाराचा वैयक्तिक नव्हता. त्यांची त्या भागात एक वितीचीही जमीन नाही. प्रश्न आमचा होता आणि तो सभागृहात नेण्यासाठी आमच्यासारख्यांना दुसरी वाट नाही.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 164(2) नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. ही जबाबदारी पाच वर्षांतून एकदा मतदानाच्या दिवशी तपासायची असती, तर सभागृहात प्रश्नोत्तराच्या तासाची गरजच नव्हती. रोजच्या कारभारात ती तपासण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे तारांकित आणि अतारांकित प्रश्न, ज्यांना आपल्याकडे सगळेच एलएक्यू, म्हणजे विधानसभा प्रश्न म्हणतात. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. अर्थसंकल्पाचे भाषण खात्यातले अधिकारी लिहून देऊ शकतात, परंतु तिसऱ्या पुरवणी प्रश्नाचे उत्तर मंत्र्यांना स्वतःच्या माहितीवर द्यावे लागते. म्हणून हा तास मला सभागृहाच्या कामकाजातला सर्वांत मोलाचा वाटतो.

गोव्याला हे कोणी शिकवण्याची गरज नाही. 18 जून 1946 रोजी मडगावात नागरी स्वातंत्र्याची हाक देणारे डॉ. राममनोहर लोहिया 1963 साली लोकसभेत विरोधी बाकावर पोहोचले आणि देशातल्या सत्तावीस कोटी माणसांना दिवसाला तीन आण्यांवर जगावे लागते, असे त्यांनी पंतप्रधान नेहरूंच्या समोर सांगितले. सरकारचा आकडा पंधरा आण्यांचा होता. कोणाचा आकडा किती बरोबर होता, यावर पुढे अभ्यासकांनी बरेच लिहिले. पण त्या एका दाव्यामुळे गरिबीच्या आकडेवारीवर लोकसभेत सविस्तर चर्चा करणे सरकारला भाग पडले. 1955 च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांनी ज्यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि 1957 मध्ये ज्यांची सुटका झाली, ते मधू लिमये 1964 मध्ये लोकसभेवर गेले आणि नियमावलीच्या आधारे सरकारला धारेवर धरणारा संसदपटू म्हणून देशभर ओळखले गेले. गोव्याच्या मुक्तीसाठी तुरुंगात गेलेल्या माणसाने संसदेत प्रश्न विचारण्याची कला एवढ्या उंचीवर नेली, आणि त्याच गोव्याच्या विधानसभेत प्रश्नाला एका ओळीत वाटेला लावले जाते, हे पाहून मला खरोखर वेदना होतात.

आपल्या स्वतःच्या विधानसभेचा इतिहासही आठवावा. 1963 च्या पहिल्या निवडणुकीनंतर भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि युनायटेड गोवन्स पक्षाचे बारा सदस्य डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखाली विरोधी बाकावर बसले. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे की नाही यावर जनमत कौल घ्यायचे ठरले, तेव्हा तो निःपक्षपाती व्हावा म्हणून सरकारने आधी पायउतार व्हावे, अशी मागणी विरोधकांनी लावून धरली आणि डिसेंबर 1966 मध्ये भाऊसाहेबांच्या सरकारने राजीनामा दिला. 16 जानेवारी 1967 रोजी कौल झाला आणि 34,021 मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. आमच्या घरातली मते फुलाला, म्हणजे विलीनीकरणाच्या बाजूने होती, आणि निकालाने माझ्या वडिलांना दुःख झाले होते. तरीही सरकारने पायउतार व्हावे ही विरोधकांची मागणी रास्त होती आणि भाऊसाहेबांनी ती मानली हे चांगले केले, असेच ते शेवटपर्यंत सांगत. त्यामुळेच हरलेल्यांनाही कौलावर बोट ठेवता आले नाही.

आता माझ्या तक्रारी मांडतो.

सर्वांत आधी दिवसांविषयी. 2025 च्या फेब्रुवारीत हिवाळी अधिवेशन 6 आणि 7 तारखेला, दोनच दिवस झाले. अर्थसंकल्पी अधिवेशन 24 ते 26 मार्च असे तीन दिवसांचे होते. खासगी सदस्यांच्या ठरावांसाठी शुक्रवारचा दिवस राखलेला असतो, आणि सोमवारी सुरू होऊन बुधवारी संपलेल्या त्या अधिवेशनात शुक्रवार आलाच नाही. पावसाळी अधिवेशन त्या मानाने बरेच मोठे झाले, हे मी नोंदवतो. परंतु वर्षभराचे सगळे प्रश्न जुलै-ऑगस्टपर्यंत थांबून राहू शकत नाहीत. दोन बैठकांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नसावे, हे संविधानाच्या अनुच्छेद 174 चे बंधन अगदी किमान मर्यादा म्हणून घातलेले आहे. अधिवेशन बोलावण्याचा निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल घेतात, आपण नव्हे, याची मला जाणीव आहे. परंतु सभागृहाचे प्रमुख म्हणून आपण याविषयी बोललात, तर त्याला वजन असेल.

घाईत काय घडते, याचे उदाहरण आमच्याच विषयातले आहे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो. जुलै 2021 मध्ये तीन दिवसांचे पावसाळी अधिवेशन झाले आणि त्याच्या शेवटच्या दिवशी, 30 जुलै रोजी, इतर अनेक विधेयकांबरोबर गोवा भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक संमत करण्यात आले. तीस वर्षे घरात राहणाऱ्याला 250 चौरस मीटरपर्यंतच्या जागेची मालकी देण्याची त्यात तरतूद होती. घराच्या आणि जमिनीच्या मालकीचा एवढा नाजूक विषय! मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे), भाटकार (जमीनमालक), कोमुनिदाद (गावच्या सामाईक जमिनीची संस्था), आदिवासी समाज, परप्रांतातून येऊन स्थायिक झालेले, या प्रत्येकाचा त्याच्याशी वेगळा संबंध आहे, आणि त्यावर पुरेशी चर्चा झाली नाही. विरोधक सभागृहात नव्हते. त्यांनी तेव्हा सभात्याग केला, तो योग्य होता का, याविषयी माझ्या मनात शंका आहे. परंतु नंतर काय झाले ते सर्वांनी पाहिले. सभागृहात जे प्रश्न विचारले गेले नाहीत ते गावागावांतून, ग्रामसभांतून विचारले गेले, ‘भूमिपुत्र’ हा शब्द काढून टाकण्याची घोषणा सरकारला करावी लागली आणि ते विधेयक कायदा म्हणून कधीच अमलात आले नाही. ज्या घरांना खरोखर मालकीची गरज होती, त्यांच्या हाती यातून काहीच लागले नाही. कलमवार चर्चा झाली असती, विरोधी सदस्यांच्या दुरुस्त्या ऐकून घेतल्या असत्या, चिकित्सा समितीकडे ते पाठवले असते, तर कदाचित त्यातून एक टिकाऊ कायदा उभा राहिला असता. आमच्यासारख्यांची काही वर्षे त्या एका दिवसाच्या घाईत वाया गेली, असे मला वाटते.

दुसरी तक्रार विरोधकांच्या वाट्याला येणाऱ्या वेळेची. 2022 च्या निवडणुकीत काँग्रेसचे अकरा आमदार निवडून आले आणि त्यांपैकी आठ जण 14 सप्टेंबर 2022 रोजी सत्ताधारी पक्षात गेले. त्याआधी जुलै 2019 मध्ये दहा आमदारांनी असाच पक्ष बदलला होता. 2022 च्या त्या पक्षबदलानंतर चाळीस जणांच्या सभागृहात विरोधी सदस्य उरले सात. ते योग्य की अयोग्य, याचा निवाडा मी या पत्रात करत नाही. माझे म्हणणे एवढेच की, मतदारांनी सरकारला विरोध करण्यासाठी जेवढे सदस्य पाठवले होते तेवढे आता तेथे नाहीत, तेव्हा उरलेल्यांना वेळ देताना डोकी मोजण्याचा हिशोब पुरेसा नाही. सत्ताधारी आमदारांना मंत्र्यांची दारे एरवीही उघडी असतात. विरोधी आमदाराला तो एक तासच असतो.

तिसरी तक्रार उत्तरांची. माझ्या वाट्याला आलेल्या ओळीविषयी मी वर लिहिले आहे. तशीच उत्तरे मिळाल्याची, उत्तर ऐनवेळी हाती पडल्याची, प्रश्न पुढे ढकलल्याची तक्रार विरोधी सदस्य सभागृहात वारंवार करताना आम्ही थेट प्रक्षेपणात पाहतो. शेकडो पानांचे परिशिष्ट सकाळी हाती आले, तर त्यावर दुपारी कोणता पुरवणी प्रश्न विचारणार? आणि मंत्री सभागृहात ‘पाहतो’, ‘करतो’, ‘चौकशी करतो’ म्हणतात, त्याचे पुढे काय होते, हे आम्हाला कळायला मार्ग नाही. म्हादई नदीचे पाणी वळवण्याच्या विषयावर 2023 मध्ये सभागृह समिती नेमली गेली. सत्तरीतल्या माणसाला म्हादई म्हणजे काय, हे मी आपणास सांगायला नको. त्या समितीच्या बैठका पुरेशा होत नाहीत, ही विरोधी सदस्यांची तक्रार आम्ही काळजीने वाचतो, कारण नदीत पाणी कमी झाले तर ते विरोधकांच्या विहिरीत वेगळे आणि सत्ताधाऱ्यांच्या विहिरीत वेगळे कमी होणार नाही.

चौथी बाब भाषेची आणि ती थोडक्यात सांगतो. प्रश्नांची लेखी उत्तरे बहुतांशी इंग्रजीत असतात. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या वापराचीही सोय केली. माझ्या गावातल्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनीविषयी प्रश्न विचारला गेला, त्यांतल्या अनेकांना उत्तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले.

हे सारे गोव्यापुरतेच असते, तर निदान दिल्लीकडे बोट दाखवता आले असते. परंतु सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात महामारीचे कारण देऊन संसदेचा प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला आणि फक्त लेखी उत्तरे राहिली. डिसेंबर 2023 मध्ये संसदेच्या सुरक्षेतील त्रुटीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, या मागणीवरून गदारोळ होऊन दोन्ही सभागृहांतले 146 विरोधी खासदार निलंबित झाले, निलंबितांचे प्रश्नही कामकाजातून वगळले गेले आणि त्याच दिवसांत फौजदारी कायदे बदलणारी तीन विधेयके संमत झाली. याउलट 1957 मध्ये फिरोज गांधी यांनी स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला आयुर्विमा महामंडळाचे पैसे उद्योगपती मुंध्रा यांच्या कंपन्यांत का गुंतवले, असे विचारले होते. न्यायमूर्ती छगला यांच्यामार्फत त्या व्यवहाराची उघड चौकशी झाली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. त्या प्रश्नाने सरकार पडले नाही. लोकांच्या विम्याच्या पैशावर लक्ष ठेवणारे कोणी आहे, एवढे मात्र देशाला कळले.

विरोधी सदस्यांनाही येथेच दोन शब्द सांगतो, कारण हे पत्र तेही वाचतील. आपण सात जण आहात आणि आपल्याकडे गमावण्याइतका वेळ नाही. प्रश्नोत्तराच्या तासात सभापतींच्या आसनासमोरच्या हौदात उतरून घोषणा दिल्या, की दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते, पण त्या दिवसाच्या यादीतले प्रश्न बुडतात आणि मंत्र्यांची उत्तर देण्यातून सुटका होते. रागाची कारणे असतील, ती मी नाकारत नाही. तरीही आमची विनंती आहे की, तो तास कोणत्याही परिस्थितीत वाया जाऊ देऊ नका. प्रश्न अभ्यासून विचारा आणि उत्तर आले नाही तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा विचारा.

सभापती महोदय, अनुच्छेद 208 नुसार सभागृहाला आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार आहे आणि कामकाज सल्लागार समितीच्या अध्यक्षस्थानी आपण असता. म्हणून पुढील मागण्या मी आपल्यापुढे ठेवतो.

वर्षातून किती दिवस सभागृह भरेल, याचे किमान प्रमाण ठरवून त्याचे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करावे, अशी शिफारस आपण मुख्यमंत्र्यांकडे करावी, आणि कोणत्याही अधिवेशनात निदान एक शुक्रवार यावा हे पाहावे. प्रत्येक उत्तर प्रश्नकर्त्याच्या हाती किमान एक पूर्ण दिवस आधी पडावे. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर द्यायचे झाल्यास त्यासोबत विलंबाचे कारण आणि माहिती देण्याची तारीख लिहिणे बंधनकारक करावे, आणि ती तारीख पाळली नाही तर संबंधित मंत्र्यांनी पुढच्या बैठकीत उभे राहून खुलासा करावा. तारांकित प्रश्नांच्या रोजच्या यादीत विरोधी सदस्यांचे काही प्रश्न वरच्या क्रमांकांवर राखून ठेवावेत. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांची यादी, त्यांची सद्यःस्थिती आणि आश्वासन समितीचे अहवाल सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध करावेत. म्हादईवरील सभागृह समितीच्या बैठकांच्या तारखा आणि त्यांतील निर्णय आम्हाला कळावेत. जमिनीच्या मालकीशी संबंधित कोणतेही विधेयक ज्या दिवशी मांडले त्याच दिवशी संमत होऊ नये आणि ते चिकित्सा समितीकडे जावे. प्रश्न आणि उत्तरे कोकणीत आणि मराठीतही उपलब्ध व्हावीत.

राहिला आमचा प्रश्न. तो ज्या अधिवेशनात विचारला गेला ते संपले असले, तरी उत्तर देण्याची जबाबदारी संपलेली नाही, अशी माझी समजूत आहे. प्रलंबित अर्जांची संख्या, गाववार यादी, निकाली निघालेले अर्ज आणि उरलेल्यांसाठीची मुदत ही चार उत्तरे आगामी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी पटलावर ठेवण्याचे निर्देश आपण संबंधित खात्याला द्यावेत. ती ऐकण्यासाठी आम्ही काही शेतकरी प्रेक्षक सज्जात बसण्याची रीतसर परवानगी मागणार आहोत.

आपला विश्वासू,
सत्तरी तालुक्यातील एक बागायतदार आणि मतदार